पिणारा विचारत नाही

भंडाऱ्यात त्या काळी दारू मिळत नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बस स्टँडच्या मागे परमिट रूम होत्या, तुमसरला राइस मिलवाल्यांसाठी एक बरी जागा होती, आणि साकोलीच्या रस्त्यावर वैनगंगेच्या पुलाजवळ एका हॉटेलाला नुकताच नवा हॉल बांधून झाला होता. या सगळ्या जागांना पुढचा दरवाजा असे, पण तो वापरण्यासाठी नव्हता. कचेरीतले बाबू, मास्तर, वकील, कंत्राटदार असे सगळे स्वयंपाकघराच्या बाजूने आत जात. खिडक्यांना हिरवे पडदे असत. आत कोण बसले आहे हे गावाला माहीत असे. फक्त कोणी पाहिलेले नसे. ही व्यवस्था सर्वांना मान्य होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

या व्यवस्थेत वाईन कुठेच नव्हती. व्हिस्की होती, रम होती, बिअर होती, थंडीत ब्रँडी होती.

नागपूरच्या ज्या दैनिकासाठी मी जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे, त्याला नवे व्यवस्थापक आले होते. ते मुंबईचे. एका दुपारी त्यांचा ट्रंक कॉल आला. जिल्ह्यात दोन कार्यालये ठेवणे परवडत नाही, असे त्यांनी सांगितले. भंडारा आणि गोंदिया यांपैकी एका ठिकाणी टेलिप्रिंटरसह पूर्ण कार्यालय राहील, दुसरीकडे फक्त अर्धवेळ बातमीदार. ते स्वतः दौऱ्यावर येणार होते. एक संध्याकाळ गोंदियात, दुसरी भंडाऱ्यात. सोबत वृत्तसंपादक असतील, आणि गोंदियाचा वार्ताहरही दोन्हीकडे हजर राहील.

“सहकाऱ्यांची ओळख ऑफिसात होत नाही,” ते म्हणाले. “जेवणाच्या टेबलावर होते. एखादं बरं रेस्टॉरंट पाहून ठेवा. वाईन लिस्ट चांगली हवी. गोंदियाला आहे म्हणे.”

गोंदियाला होती. गोंदिया जंक्शन, व्यापाराचे गाव; कोलकात्याकडून, मुंबईकडून माणसे उतरत. तिथला वार्ताहर उमदा होता आणि स्टेशनजवळच्या हॉटेलमालकाशी त्याची दोस्ती होती. जाहिरातीही तिकडून जास्त येत. भंडाऱ्याच्या बाजूने बोलायला जिल्हा कचेरी सोडून फारसे काही नव्हते.

घरी हे सांगितले तेव्हा बायको गणवेशाला इस्त्री करत होती. ती परिचारिका. लग्नानंतरची बरीच वर्षे तिची नेमणूक आंबागडच्या बाजूला होती आणि मी भंडाऱ्यात एका खोलीत राहत असे. मागच्याच वर्षी तिची बदली भंडाऱ्याला झाली होती. घरात पहिल्यांदाच दोन खुर्च्या आल्या होत्या.

“वाईन?” ती म्हणाली. “ते आमच्या जुन्या डॉक्टरीणबाई बाळंतिणीले लिवून देत होत्या. ताकद यावाले.”

“तशी नाही व. जेवणासंगं प्यायची.”

“जेवणासंगं? मंग जेवण काहून करावं?” तिने इस्त्री उभी ठेवली. “हे पाहा. ऑफिस गोंदियाले गेलं त तुम्ही गोंदियाले जासान. मी काही पुन्हा बदली मागून नाही राहिली. एकदा मागितली, पाय झिजले. तुमाले वाईन पायजे, त पाहा कुठं भेटते ते.”

म्हणून शोध सुरू झाला. बातमीदाराला एकच पद्धत शिकवलेली असते: जागेवर जायचे, मालकाला भेटायचे, काय आहे, किती आहे, कधीपासून आहे हे विचारायचे, आणि ऐकलेल्यावर विसंबायचे नाही, स्वतः पाहायचे. त्याच पद्धतीने काम केले. पुढच्या दरवाजाने गेलो. दिवसा गेलो.

बस स्टँडमागच्या पहिल्या परमिट रूमचा मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. मला पाहून त्याने पेपर दुमडला.

“वाईन आहे का? कोणती? दाखवता का?”

“आमच्या इथं फक्त लस्सी हाये, साहेब.”

त्याच्या मागच्या फळीवर बाटल्या नव्हत्या. बाटल्यांच्या बुडाची गोल वर्तुळे धुळीत उमटलेली होती. दोन टेबलांवर ओले ग्लास होते आणि खुर्च्या मागे सरकलेल्या होत्या. स्वयंपाकघरातून कोणाचा तरी खोकला ऐकू आला आणि दाबला गेला.

दुसऱ्या जागी मालक भेटलाच नाही. तो देवदर्शनाला गेल्याचे त्याच्या भावाने सांगितले. कुठे, असे विचारल्यावर भाऊ जरा थांबून म्हणाला, “लांब.”

तुमसरला एसटीने गेलो. तिथला मालक वेगळ्या स्वभावाचा होता. आदल्या वर्षी ड्राय डेला त्याचे दुकान उघडे असल्याची बातमी मी पाठवली होती. चार ओळींची, आतल्या पानावर, खाली. दुसऱ्या दिवशी धाड पडली आणि परवाना महिनाभर लटकला.

“या,” तो म्हणाला. “मागच्या बारीले चार ओळी लिवल्या, महिनाभर शटर बंद राहिलं. आता किती लिवता?”

“बातमीसाठी नाही आलो. पाहुणे येऊन राहिले. त्यांना वाईन पायजे.”

“पाहुण्याले वाईन कायले पायजे जी? पाहुण्याले कोंबडा कापा.”

“ते मुंबईचे आहेत.”

“त दोन कापा.”

मी पुन्हा समजावून सांगितले. बाकडावर एक राइस मिलचा मुनीम बसला होता. त्याला उद्देशून मालक म्हणाला, “पाहा गा, मुनीमजी. मी हा धंदा किती वर्षं करून राहिलो? पिणारा विचारत नाही. पिणारा येते, बसते, पेते आन् जाते. विचारणारे दोनच. एक एक्साइजवाला, नाही त पेपरवाला.”

मुनीम म्हणाला, “बरोबर हाये.”

परतीच्या एसटीत मी मोहाडीपर्यंत विचार केला. त्याच्या म्हणण्यात चूक सापडली नाही.

दोन दिवसांनी सकाळी एक सायकल रिक्षा दारात थांबली. रिक्षात चिनोर तांदळाचे पोते होते. वास रस्त्यापर्यंत येत होता. पाठवणाऱ्याचे नाव रिक्षावाल्याला माहीत नव्हते, निदान सांगण्यापुरते माहीत नव्हते. बायको दवाखान्यात ड्यूटीवर होती. ती असती तरी निर्णय तोच झाला असता, असे ती पुढे म्हणत असे. शेजारणीने पोत्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून तिचे मत वेगळे दिसत होते. पोते त्याच रिक्षातून परत पाठवले.

नियमाने ते बरोबर होते. परिणामाने ती शोधमोहिमेतली सर्वांत मोठी चूक ठरली. आमच्याकडे बातमीदाराने तांदूळ ठेवून घेतला तर बातमी थांबली असे समजतात. परत केला तर बातमी नागपूरला पोचली असे समजतात. पोते ठेवून घेणारे आणि परत करणारे अशा दोन्ही जातींची माणसे आमच्या धंद्यात होती. पोते परत करून वर वाईनची चौकशी करणारा मात्र आजवर कोणी पाहिला नव्हता. त्या दिवशी दुपारपर्यंत बस स्टँडमागच्या दोन्ही जागांवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशा पाट्या लागल्या.

संध्याकाळी पुलाजवळच्या हॉटेलाचा मालक स्वतः कार्यालयात आला. कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारची खोली; बातम्यांची पाकिटे तिथून एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात जात. मालक खुर्चीवर बसला नाही. त्याने नव्या हॉलमध्ये बरेच काही गुंतवले होते आणि परवाना नवाच होता.

“साहेब, मी ऐकलं. तुमाले जे पायजे ते आपल्या इथं होऊन जाईल. वाईन मी नागपूरवरून आणतो. पण सर्व कायद्यानं. मले लपवाछपवी नाही पायजे.”

“मला फक्त जेवण पाहिजे. चौघांचं. आणि वाईनची लिस्ट.”

“हो जी. जेवण,” तो म्हणाला. हा शब्द त्याने समंजसपणे, आजाऱ्याशी बोलावे तसा उच्चारला.

नागपूरहून त्याने गोव्याच्या गोड लाल पोर्टच्या दोन बाटल्या आणल्या. यापलीकडे काही मिळाले नाही. लिस्ट मात्र हवीच होती. कोर्टासमोर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडून त्याने ती करून घेतली आणि तपासायला माझ्याकडे आणली. ‘वाईन’ या मथळ्याखाली असे होते: पोर्ट वाईन, थंड. पोर्ट वाईन, साधी. पोर्ट वाईन, सोड्यासह.

संपादनाच्या दृष्टीने पाहिले तर तिन्ही नोंदी खऱ्या होत्या. मी काहीही खोडले नाही.

ठरलेल्या दिवशी दिवेलागणीला गोंदियाहून अॅम्बॅसडर आली. व्यवस्थापक उतरले, उंच, नीट इस्त्रीचा सफारी. मागून वृत्तसंपादक, नागपूरचे जुने, जिल्ह्यांच्या बातम्या कापण्यात केस पिकलेले. शेवटी गोंदियाचा वार्ताहर. तो आनंदात होता.

“काल दोन पानांची लिस्ट होती, भाऊ,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “साहेब खूश. तुमच्या इथं काय हाये?”

“आहे.”

“लस्सी ऐकली मी.”

आत गेलो. हॉलमधले सगळे दिवे लागलेले होते. पडदे काढून टाकलेले होते. पुढचा दरवाजा उघडा होता, त्याला वीट लावलेली होती, म्हणजे तो चुकूनही लागू नये. दुसरे गिऱ्हाईक एकही नव्हते. मधल्या टेबलावर पांढरी चादर, आणि बाजूच्या टेबलाशी पूर्ण गणवेशात एक्साइजचे सब-इन्स्पेक्टर बसलेले होते. टोपी टेबलावर, समोर लिंबूपाणी. ते उठून उभे राहिले.

“प्रेस येऊन राहिली म्हणून मालकानं कळवलं,” ते व्यवस्थापकांना म्हणाले. “म्हटलं आपण स्वतः हजर राहावं. उद्या कोणी बोट दाखवायला नको.”

व्यवस्थापकांनी हात मिळवला. त्यांना हे स्वागत वाटले. वृत्तसंपादकांनी हॉलवर एक नजर फिरवली, विटेवर थोडी जास्त थांबवली, आणि बसले.

“आपापले परमिट?” सब-इन्स्पेक्टरांनी विचारले.

त्या काळी पिण्यासाठी परमिट लागे, हे कायद्यात होते. जिल्ह्यात ते कोणी कोणाला विचारल्याचे ऐकिवात नव्हते. आमच्यापैकी एकाकडेही नव्हते. सब-इन्स्पेक्टरांना याची अपेक्षा असावी, कारण ते पुस्तक सोबत घेऊनच आले होते. एक दिवसाचे परमिट तिथेच देतो म्हणाले. व्यवस्थापकांचे नाव झाले, वडिलांचे नाव झाले, वय झाले.

“आजार कोणता लिहू?”

“आजार?” व्यवस्थापक म्हणाले. “कुठलाच नाही.”

“कायद्यात परवानगी प्रकृतीसाठी हाये, साहेब. मजेसाठी नाही.”

मालक भिंतीला लागून उभा होता. त्याने डोळे मिटले होते.

“अशक्तपणा लिहा,” वृत्तसंपादक मान वर न करता म्हणाले.

“चौघांनाही?”

“यांना नको.” त्यांनी गोंदियाच्या वार्ताहराकडे अंगठा केला. “हे काल रात्रीच बरे झाले.”

“मले बी लिवा ना जी,” गोंदियाचा वार्ताहर म्हणाला. “माझा आजार जुना हाये.”

चौघांचाही अशक्तपणा नोंदला गेला. मग लिस्ट आली. व्यवस्थापकांनी ती दोनदा वाचली.

“या तिन्हींत फरक काय?”

मालक पुढे आला. खोटे बोलायचे नाही असे त्याने ठरवलेले दिसत होते. “साहेब, थंड हाये ते थंड राहते. साध्याचं तसं नाही. सोड्याच्यात सोडा राहते.”

“थंड द्या.”

बाटली बर्फाच्या पेटीतून आली. वाईनचे ग्लास गावात नव्हते. फालुद्याचे उंच ग्लास मांडलेले होते. मालकाने सब-इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांदेखत बाटलीचे सील दाखवले, मग फोडले, आणि दोन्ही हातांनी वाईन ओतली. तरी चादरीवर सांडली. व्यवस्थापकांनी घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. ते सभ्य गृहस्थ होते.

“वेगळी आहे,” ते म्हणाले.

माझ्या तोंडात खोकल्याच्या औषधाची चव आली. बाजूच्या टेबलावरून आमचे ग्लास मोजले जात होते. गोंदियाचा वार्ताहर माझ्याकडे पाहून हसला. त्याचे कार्यालय त्या क्षणी जवळजवळ ठरलेले होते, आणि घरातल्या दोन खुर्च्यांपैकी एक मला रिकामी दिसू लागली होती.

वैनगंगेची मासळी आली, कोंबडीचा रस्सा आला, भात आला. भाताचा वास हॉलभर पसरला.

“तांदूळ फार चांगला आहे,” व्यवस्थापक म्हणाले.

“चिनोर हाये, साहेब.” मालकाला पहिल्यांदाच काहीतरी सरळ विचारले गेले होते, त्यामुळे तो मोकळा झाला. “हा त तोच हाये, जो साहेबांनी परत केला.”

“कोणत्या साहेबांनी?”

मालकाने माझ्याकडे हात केला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले, आणि ते झाकण्याच्या प्रयत्नात त्याने सगळेच सांगून टाकले. पोते आपण एकट्याने नाही पाठवले, दारूच्या सगळ्या लायनीनं मिळून पाठवले. साहेब गावोगाव फिरून बाटल्या पाहत होते. स्टँडमागच्या दोघांनी पाट्या लावल्या. पोते परत आले तेव्हा आपण एक्साइजला स्वतः जाऊन सांगितले की आमचे सर्व उघड आहे, येऊन पाहा. “आपलं काही लपलेलं नाही, साहेब. छापायचं त एवढं छापा.”

सब-इन्स्पेक्टर लिंबूपाणी बाजूला सारून म्हणाले, “मीही तेच म्हणतो.”

व्यवस्थापकांनी ग्लास खाली ठेवला. मी पुढच्या दरवाजाने का गेलो होतो, काय विचारत होतो, कोणासाठी विचारत होतो, हे सांगायची त्या टेबलावर एक संधी होती. मी तोंड उघडलेही. वृत्तसंपादकांनी रश्श्याचे भांडे माझ्यासमोर सरकवले आणि म्हणाले, “घ्या. जेवताना बोलू नये.”

जेवण आटोपून गाडीपाशी आलो. पुलाकडून वारा येत होता. व्यवस्थापक वृत्तसंपादकांशी बोलत होते, पण आवाज खाली केलेला नव्हता.

“काल गोंदियात आपल्याला कोणी ओळखलंसुद्धा नाही. मालक येऊन हसला, बिल घेतलं. इथे बघा. एक्साइज उभं राहतं, दुकानं बंद होतात, पोती परत जातात. पेपरचं वजन म्हणतात ते हे. टेलिप्रिंटर इथेच असायला पाहिजे.”

“होय,” वृत्तसंपादक म्हणाले. त्यांनी आयुष्यभर बातम्यांतला अनावश्यक मजकूर काढून टाकला होता. याही वेळी त्यांनी काढला.

गोंदियाचा वार्ताहर माझ्याजवळ आला. “मी दोन पानांची लिस्ट दाखवली. तुम्ही एक इन्स्पेक्टर दाखवला. हारलो ना जी,” तो म्हणाला. मग गाडीत बसता बसता, “पण वाईन तुमची लस्सीपेक्षा खराब होती, भाऊ. हे लिवून ठेवा.”

घरी बायको जागीच होती.

“राहिलं?”

“राहिलं.”

तिने देवाला हात जोडले. मग विचारले, “वाईन चांगली होती का?”

“अशक्तपणाले चांगली आहे म्हणतात.”

“मी तेच त सांगून राहिली होती.”

टेलिप्रिंटर पावसाळ्याआधी आला. कार्यालयाला मोठी खोली मिळाली. परमिट रूमबद्दलची बातमी कधी आली नाही, कारण ती कधी नव्हतीच. पण ती येणार असल्याची समजूत बराच काळ टिकून राहिली, आणि तेवढ्या काळात जिल्ह्यातले ड्राय डे कोरडे गेले, असे मला एक्साइजच्याच माणसाने सांगितले. त्याचे श्रेय वरिष्ठांनी खात्याला दिले.

पुढे एका रविवारी बायको म्हणाली, “त्या हॉटेलातली मासळी मले बी खाऊ घाला ना. तिच्यापायी ऑफिस वाचलं.”

मासळीपायी वाचले नव्हते, पण तो तपशिलाचा प्रश्न होता. दुपारी दोघे गेलो. पुढच्या दरवाजाने. आत बरीच माणसे बसलेली होती आणि तव्यावरच्या मासळीचा वास दारापर्यंत येत होता. आम्ही उंबरठा ओलांडला आणि खुर्च्या सरकल्या. ग्लास टेबलांखाली गेले. ओळखीचे दोन मास्तर जेवण अर्धवट सोडून स्वयंपाकघराच्या बाजूला निघाले. फळीवर पोर्टची दुसरी बाटली एकटीच होती, सील न फोडलेली, पुसून ठेवलेली. मालक हात जोडून समोर आला.

“मासळी आहे का?” मी विचारले.

“नाही, साहेब,” तो ताबडतोब म्हणाला.

दोन लस्सी आल्या, फालुद्याच्या उंच ग्लासांत. आम्ही त्या प्यायलो. पैसे तो घेत नव्हता. टेबलावर ठेवून उठलो. दोघे रस्त्यावर आलो. मागे खिडक्यांचे हिरवे पडदे एकेक करून ओढले जात होते.

“विचारलं काहून?” ती म्हणाली. “नुसतं बसायचं होतं ना जी.”